गाठ मारायची जागा

बाबा,

धाकट्याचा रिपोर्ट अजून आलेला नाही. आठ दिवस लागतील असं सांगितलं होतं, आज सहावा दिवस. दुपारचे तीन वाजलेत. बुलढाण्याच्या माझ्या घरी स्वयंपाकघरात ओट्याला पाठ टेकून मी फरशीवर बसलेय आणि आतल्या खोलीत तो पडलाय, तुमचं धाड गावातलं मटणाचं दुकान तुमच्या मागे इतकी वर्षं चालवणारा तुमचा मुलगा. सकाळी त्याला मुगाची खिचडी मिक्सरमधून फिरवून दिली. एक वाटी खायला त्याला पाऊण तास लागला. तो खात होता तोवर मी दाराआड उभी राहून त्याच्या गळ्याकडे पाहत होते. घास खाली गेला की मला हुश्श व्हायचं, आणि तो मध्येच थांबून छातीवर मूठ ठेवायचा तेव्हा मी मनात आकडे मोजायची. तीस वर्षांहून जास्त काळ नर्स आहे मी. माणसं माझ्या हातात गेलीत, तरी संध्याकाळी घरी येऊन मी कुकर लावलाय. आता मात्र एका वाटीभर खिचडीनं माझ्या तोंडचं पाणी पळवलंय. मी घाबरलेय बाबा, फार घाबरलेय. घरात हे कुणाला सांगायची सोय नाही, कारण दुखणं कुणाचंही असो, विचारायला सगळे माझ्याकडेच येतात.

सहा दिवसांपूर्वी त्याच्या घशातून दुर्बीण घातली. अन्ननलिका जिथं संपते आणि जठर सुरू होतं, त्या तोंडाशी एक खरबरीत उंचवटा दिसला. त्यातला चिमूटभर तुकडा काढून तपासायला पाठवलाय. हे नवे डॉक्टर त्या जागेला जंक्शन म्हणतात, आपल्या जलंब जंक्शनसारखं, जिथं उतरून खामगावची गाडी धरायची. रिपोर्टात समोरच्या दातांपासून मोजून अडतीस सेंटिमीटरवर असं लिहिलंय. माझ्या शिक्षणाच्या वेळच्या पुस्तकात तिला कार्डिया म्हटलेलं होतं, एका मराठी पुस्तकात जठराचं आगमद्वार. ही सगळी नावं मला तोंडपाठ आहेत, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. तुमच्याकडे त्या जागेला धड नावसुद्धा नव्हतं. 'गाठ मारायची जागा' एवढंच म्हणायचात तुम्ही. आज वाटतं, माझी सगळी नावं चुलीत गेली असती आणि तुमचं तेवढं एक मी कानावर घेतलं असतं तर बरं झालं असतं.

मी चहाची किटली घेऊन दुकानात यायची ते दिवस आठवतात. टिनाचं छप्पर, चिंचेच्या लाकडाचा तो मोठा ठोकळा, आणि बाजाराचा दिवस असला की सकाळपासून गिऱ्हाईक उभं. तरी तुम्ही घाई करत नाही. बोकड सोलून टांगला की पोटाला सुरी लावायच्या आधी तुम्ही मानेपासून अन्ननळी मोकळी करता, दोन बोटांनी खाली चाचपत जाता, आणि ती पोटाच्या पिशवीला मिळते तिथं सुतळीचे दोन वेढे देऊन गाठ आवळता. मगच पोट उघडता. शेजारचा दुकानदार या भानगडीत पडायचा नाही. तो सरळ पोट फाडायचा, मग अर्धा चघळलेला हिरवा चारा मटणावर यायचा आणि तो बादल्या ओतून वास घालवत बसायचा. तुम्ही त्याला हसत नव्हता, पण मला म्हणायचात, गाठ पहिले, बाकी मंग. तुमच्या मटणाला कधी वास आला नाही, ही तुमची सगळी श्रीमंती होती. माझी बोटं बारीक म्हणून कधीकधी गाठ मला मारू द्यायचात. नवव्या-दहाव्या वर्षी मला ती जागा डोळे मिटून सापडायची.

मग मी शिकायला गेले आणि अर्ध्या हळकुंडानं पिवळी झाले. वसतिगृहातल्या मुलींना मी सांगितलं होतं की आमची शेती आहे आणि वडील व्यापार करतात. शेती दोन एकर होतीच, त्यामुळे ते अगदीच खोटं नव्हतं असं मी स्वतःला समजावलं. पहिल्याच चाचणीत पोटाच्या धड्यात मी नापास झाले. घरी कार्ड लिहिलं की पोटाचा धडा काही केल्या डोक्यात शिरत नाही. चौथ्या दिवशी तुम्ही एसटीनं आलात, हातात ॲल्युमिनियमचा डबा. मला वाटलं आईनं लाडू पाठवलेत. झाकण उघडलं तर आत बोकडाचं पोट, अन्ननळीसकट, चुन्याच्या पाण्यात धुऊन पांढरंशुभ्र केलेलं. मी डबा पदराखाली घेतला आणि तुम्हाला मेसच्या मागे, भांडी घासायच्या हौदापाशी घेऊन गेले. तिथं उकिडवं बसून तुम्ही मला धडा शिकवलात. बोकडाचं पोट चार खणांचं, माणसाचं एकाच खणाचं असंल, पण दार ते दारच, असं म्हणालात आणि माझं बोट धरून अन्ननळीतून आत घातलंत. आधी जागा आवळून धरते आणि मग एकदम मोकळं होतं, ते माझ्या बोटाला कळलं. मी म्हटलं, याला कार्डिया म्हणतात, हृदयाजवळ आहे म्हणून. तुम्ही जरा विचार केलात आणि म्हणालात, म्हंजे शेजाऱ्याचं नाव लावलं, तिचं सवताचं नाव नाहीच. मला हसू आलं नाही. माझं सगळं लक्ष मेसच्या दाराकडे होतं. कुणी पाहील, तुम्ही आता निघा, असं मी दोनदा म्हटलं.

तुम्ही डब्याचं झाकण लावलंत, हौदावर हात धुतलेत आणि सावकाश म्हणालात, "काऊन लाजून राह्यली, बाई? पोट सर्व्याइले असते."

आवाज चढवला नव्हता, पण तुमच्याकडून मला मिळालेली सगळ्यात मोठी बोलणी तीच. पुढच्या परीक्षेत त्या धड्यावर मला सगळ्यांत जास्त गुण मिळाले. शिकवणाऱ्या बाईंनी वर्गात उभं करून विचारलं, इतकं नीट कसं समजलं तुला. मी म्हटलं, तक्ता पाहून.

नोकरी लागली, लग्न झालं, आणि एका दिवाळीला मी धाडला आले. आई ज्वारीची भाकर टाकतेय आणि तुम्ही ती दुधात चुरून खाताय. तुम्ही! जो माणूस भाकरीचा पापुद्रा कडक नसला तर ताट सरकवायचा. प्रत्येक घासावर तुम्ही पाणी पीत होता. आई म्हणाली, दाढा गेल्या त्यांच्या, दुसरं काय. जेवण झाल्यावर तुम्ही मला मागच्या अंगणात बोलावलंत. छातीच्या हाडाखाली अंगठा दाबून धरलात, अगदी एका जागी, आणि म्हणालात, "बाई, गाठ मारायच्या जागी घास थांबून राह्यला. कोनी आतून सुतळी आवळल्यावानी वाटते."

बाबा, याहून स्वच्छ लक्षण मी माझ्या सगळ्या नोकरीत कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. जागा सांगितलीत, काय होतं ते सांगितलंत, कसं होतं तेही सांगितलंत. आणि मी काय केलं? वेळेवर जेवत नाही, तंबाखू सोडत नाही, वरून ठेचा, मग दुसरं काय होणार, असं म्हणून तुमच्यावरच डाफरले. ॲसिडिटी आहे म्हटलं. आमच्या दवाखान्यात या, मी दाखवते. माझ्या आवाजात तेव्हा जो तोरा होता तो मला आजही ऐकू येतो आणि कानावर हात ठेवावेसे वाटतात.

तुम्ही आलात. धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी, हातात पिशवी. ओपीडीत डॉक्टर नवे होते, भले होते, माझ्या शब्दाला मान देणारे. त्यांच्या टेबलाशी माझ्याबरोबरच्या दोन सिस्टर उभ्या होत्या, आणि त्यांनाही मी तीच शेती आणि तोच व्यापार सांगून ठेवला होता. डॉक्टरांनी विचारलं, काय होतंय बाबा. तुम्ही स्टुलावर पुढे सरकलात. आपल्याला नेमकं माहीत असलेलं सांगायचंय, याचा आनंद होता तुमच्या तोंडावर. म्हणालात, "साहेब, आमी बोकड्याले जिथं गाठ मारतो ना..."

आणि मी तुमचं बोलणं तोडलं. म्हटलं, ॲसिडिटी आहे सर, जुनीच आहे, छातीत जळजळतं त्यांच्या. डॉक्टरांनी लिहून घेतलं. सिस्टरनंच सांगितल्यावर त्यांनी आणखी काय विचारायचं? दोष त्यांचा नव्हता. मला लाज वाटली होती बाबा, बाकी काही नाही. तुमच्या अज्ञानाची लाज नव्हती ती, तुम्ही अज्ञानी नव्हताच. लाज होती ती बोकडाची, सुतळीची, त्या टिनाच्या दुकानाची. तुम्ही एकदा माझ्याकडे पाहिलंत आणि पुढचं वाक्य गिळलंत. तेवढं मात्र अडकलं नाही. एसटी स्टँडवर जाताना तुम्ही विचारलंत, म्या काही चुकीचं बोललो काय? मी म्हटलं, डॉक्टरांना असं नसतं सांगायचं, त्यांच्या भाषेत सांगावं लागतं. तुम्ही मान हलवलीत आणि धाडच्या गाडीत खिडकीशी जाऊन बसलात.

चार महिने तुम्ही मी पाठवलेलं गुलाबी औषध प्यालात. भाकर गेली, भात गेला, मग दूध. आई निरोप पाठवायची आणि मी गोळी बदलून द्यायची. पाचव्या महिन्यात पाणीसुद्धा उलटून यायला लागलं तेव्हा मी तुम्हाला अकोल्याला नेलं. दुर्बीण घातली. तुम्ही अंगठा ठेवला होतात तिथंच होतं ते, तसूभरही इकडे-तिकडे नाही. डॉक्टर बाहेर आले, खुर्ची ओढून तुमच्यासमोर बसले आणि विचारलं, घास कधीपासून अडकतोय. मी भिंतीला टेकून उभी होते. मला दिवस माहीत होता, दिवाळीच्या पाडव्याचा. मी तोंड उघडलं, पण त्याआधी तुम्ही बोललात.

"झाले असतीन पंधरा दिवस, साहेब."

डॉक्टर चिडले. पंधरा दिवसांत इतकं वाढत नाही, तुम्ही लोक अंगावर काढता आणि शेवटी आमच्याकडे येता, असं बरंच बोलले. तुम्ही टोपी हातात घेऊन ऐकत राहिलात. हो साहेब म्हणालात, आमी अडाणी मानसं. त्या सगळ्या इमारतीत त्या जागेविषयी तुमच्याइतकं हातानं जाणणारा दुसरा माणूस नसेल, आणि तुम्ही स्वतःला अडाणी म्हणवून घेतलंत. परत येताना मी जीपमध्ये तुमच्या शेजारी बसले होते. मला वाटत होतं तुम्ही आता काहीतरी म्हणाल. तुम्ही विचारलंत ते एवढंच, की माझी रजा मांडली जाईल ना. दोन महिनेही झाले नाहीत आणि तुम्ही गेलात.

पंधरा दिवस का म्हणालात, बाबा? हे विचारायला मी लिहायला बसलेय, बाकीचं सगळं नुसतं फिरून येणं आहे. तुम्ही मला शिव्या द्यायच्या होत्यात. तिथं, सगळ्यांसमोर, या माझ्या शिकलेल्या पोरीला म्या दिवाळीतच सांगतलं होतं, असं म्हणायचं होतं. मी भिंतीवर डोकं आपटलं असतं, नोकरी सोडली असती, काहीही केलं असतं, पण ते उघड्यावर तरी आलं असतं. तुम्ही गाठ मारलीत. आतलं काही बाहेर येऊ नये, कुणाला वास लागू नये म्हणून तुम्ही जसं आयुष्यभर केलंत तसं माझं पाप बांधून टाकलंत, आणि ते बांधलेलं घेऊन मी इतकी वर्षं नोकरी करतेय. लोक मला चांगली सिस्टर म्हणतात. पेशंट बोलायला लागला की मी मध्ये बोलत नाही, ही माझी ख्याती आहे. ती कुठून आली हे कुणाला माहीत नाही.

मागच्या आठवड्यात धाकट्याचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलला, सोयाबीनचं, पोरीच्या कॉलेजचं, आणि ठेवता ठेवता म्हणाला, ताई, आठेक दिवस झाले, गाठ मारायच्या जागी घास थांबून राह्यला. बाबा, तेच शब्द. त्याला तुमचं अंगणातलं बोलणं माहीत नाही, तो तेव्हा तिथं नव्हता. धंदा एक, म्हणून शब्द एक. मी म्हटलं, उद्याच्या पहिल्या गाडीनं ये, दुकान बंद राहू दे. तो हसायला लागला, एवढं काय त्यात म्हणाला. मी फोनवर ओरडले त्याच्यावर.

ओपीडीत तरुण डॉक्टर होते. काय होतंय म्हणून विचारलं तसं धाकट्यानं तोंड उघडलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. माझ्यापुढे कसं बोलावं याचा धाक त्यालाही आहे, तो मीच घातलाय. मग मी सांगितलं. आवाज इतका कापत होता की डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. सर, आमचं मटणाचं दुकान आहे, माझे वडील खाटकाचा धंदा करायचे, बोकडाचं पोट उघडायच्या आधी अन्ननळीला जिथं गाठ मारतात, नेमका तिथं याचा घास अडकतो. मागे दोन विद्यार्थिनी नर्स उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. काहीसुद्धा झालं नाही, बाबा. कुणी हसलं नाही, कुणी नाक मुरडलं नाही. डॉक्टर म्हणाले, जागा दाखवा बरं, आणि धाकट्यानं अंगठा ठेवला. त्यांनी तिथल्या तिथं दुर्बिणीची चिठ्ठी लिहिली. एवढंच होतं. इतक्याशा गोष्टीला मी तुमचे चार महिने खाल्ले.

डॉक्टर म्हणतात, लहान दिसतंय, पण रिपोर्ट आल्याशिवाय काही बोलता येणार नाही. मी रोज लॅबला फोन करते. तिथली मुलगी आता माझा आवाज ओळखते आणि मी काही बोलायच्या आत नाही म्हणते. देवापुढे दिवा लावते आणि काय मागावं ते सुचत नाही, कारण तुमच्या वेळी मी काही मागितलंच नव्हतं, मला सगळं कळत होतं ना. हा वाचू दे. माझं काय हवं ते होऊ दे, पण हा वाचू दे. तुमच्या वेळी मी पाजळली ती अक्कल याला भोवायला नको.

आत्ता मध्येच थांबावं लागलं. धाकटा जागा होऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. मी कागद गुडघ्याखाली सरकवले. तो माझ्यासमोर फरशीवर बसला. मग त्यानं विचारलं, "बाबाले बी इथंच होतं ना, ताई? त्याइनं तुले कवा सांगतलं होतं?"

त्याचा अंगठा छातीवर होता. दाढी वाढलीय, गाल बसलेत, आणि बसला होता अगदी तुमच्यासारखा, उकिडवा. माझ्यासमोर दिवाळीचं अंगण होतं, ओपीडीतलं ते स्टूल होतं, आणि ते सगळं सांगायला यापेक्षा चांगली वेळ मला पुन्हा मिळणार नव्हती. मी म्हणाले, "शेवटी शेवटी. पंधरा दिवस आधी."

त्यानं मान हलवली. चेहरा जरासा मोकळा झाला त्याचा. म्हणाला, "तेच तं. बाबानं लय उशीर केला. म्या तं आठ दिवसातच सांगतलं." आणि सकाळची खिचडी उरली असली तर दे म्हणाला.

तो समोर बसून खातोय आणि मी हे शेवटचं लिहितेय. दवाखान्याचा हिशोब लिहितेय असं त्याला सांगितलंय. हे पत्र कुठं पाठवायचं, तर तुमचा एकच पत्ता मला माहीत आहे, धाडचं दुकान, आणि तिथं आलेलं टपाल आता हाच फोडतो. म्हणून ते जाणार नाही. तिसरा घास बिनबोभाट खाली गेला त्याचा. उशीर तुम्ही केलात हे त्याला पटलंय आणि त्यावर तो जेवतोय. आणि बाबा, तुमच्या अंगावर ते दुसऱ्यांदा ढकलताना माझी जीभ जरासुद्धा अडखळली नाही.